मधली रेघ

लेखक तो, दिग्दर्शक तो, नट तो, आणि संकलनालाही तोच बसणार. मित्र त्याला 'हरहुन्नरी' म्हणत, पाठ फिरली की म्हणत, "दुसरा कुणी टिकतो कुठे याच्यापाशी!" सिनेमे त्याने बरेच केले, लोकांनी नावाजलेही. वडिलांनी मात्र एकही पाहिला नाही. "पुरे झाली तुझी नाटकं," एवढंच म्हणायचे, आणि तसेच गेले. ते त्याच्या मनातून काही केल्या जाईना.

म्हणून या सिनेमात त्याने बापाच्या तोंडी एक वाक्य घातलं : "चांगलं केलंस, पोरा."

बापही तोच होणार, मुलगाही तोच. कॅमेरा तसूभरही हलवायचा नाही. आधी मुलगा होऊन डावीकडे बसायचं, समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलायचं, उत्तरापुरतं थांबायचं. मग पांढऱ्या मिशा लावून, वडिलांचाच जुना कोट चढवून उजवीकडे. शेवटी दोन्ही अर्धी चित्रं मधोमध जोडायची. पथ्य एकच, मधली रेघ ओलांडायची नाही. हात पलीकडे गेला की जोडताना कापला जातो.

कॅमेऱ्यामागे बायको होती. "काय छान म्हणालास रे! मला तर बाबाच वाटले."

दुपारी जोडून पाहिलं, तर बाप गप्प. ओठ मिटलेले.

"अगं, तू ऐकलंस ना?"

"ऐकलं म्हणजे काय! तुझी शपथ."

पुन्हा चित्रण केलं. पुन्हा तेच.

"जिवंतपणी छळलंत ते कमी पडलं का?" तो पडद्यावर खेकसला, आणि मग त्याला रडूच फुटलं. बायको चहा टाकायला गेली.

डोळे पुसून त्याने तेच दृश्य परत लावलं.

पडद्यावरचा मुलगा उत्तरासाठी थांबला. बाप खुर्चीतून उठला.

चित्रणात तो उठला नव्हता. शेवटपर्यंत बसूनच होता.

बापाने हात पुढे केला. हात रेघेपलीकडे गेला.

कापला गेला नाही.

मुलाच्या खांद्यावर टेकला. त्या वजनाने खांदा किंचित खाली गेला.

"चांगलं केलंस, पोरा."

आवाज वडिलांचाच होता, आधी खाकरून मग बोलणारा.

"बाबा," तो कसाबसा म्हणाला, "बाबा, मी इकडे आहे हो."

पडद्यावरच्या दोघांपैकी कुणी वळून पाहिलं नाही. मुलगा उठला, आणि दोघं मिळून चौकटीबाहेर गेले.

स्वयंपाकघरातून त्याचाच आवाज आला, आनंदाने फुटलेला. "अगं, आवडलं बाबांना!"

"सुटलास रे एकदाचा," बायको म्हणाली. "थांब हं, आतलं मशीन चालूच राहिलंय."

ती आत आली.

"माझ्याकडे बघ ना," तो म्हणाला.

तिने वाकून पडदा बंद केला, आणि तो बसला होता ती खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून ठेवली.