नभाच्या डोक्यातले एकतीस पासवर्ड

एकतीस पासवर्ड. प्रत्येक वेगळा, प्रत्येक निदान बारा अक्षरांचा, दर महिन्याला बदलायचा आणि कुठेही लिहून ठेवायचा नाही. एका माणसाने हे कसं लक्षात ठेवावं? करंजवणच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स वनिता कोकरे यांच्यापुढे हा प्रश्न चार वर्षं उभा होता. त्यांनी त्यावर काढलेला तोडगा कुणाला सांगण्यासारखा नव्हता. तो तोडगा म्हणजे त्यांची अकरा वर्षांची मुलगी, नभा.

करंजवण धरणाच्या पाण्याकाठी आहे. पाण्याच्या दोन्ही अंगांना अकरा वाड्या, आणि त्या सगळ्यांसाठी वनिताताई एकट्या. सकाळी सौरबोटीने निघायचं, ताप बघायचे, बाळांना लस द्यायची आणि दिवस मावळता परतायचं. केंद्रात यंत्रं पुष्कळ आली होती. रक्त तपासणारं यंत्र, औषधं थंड ठेवणारं कपाट, लस घेऊन येणाऱ्या ड्रोनचा तळ, रुग्णांची नोंदवही, बोटीचं चार्जिंग. प्रत्येक यंत्र आधी पासवर्ड विचारायचं. वनिताताईंना औषधांची नावं झोपेतही आठवत, पण ही अक्षरं काही केल्या टिकत नसत. नभाच्या डोक्यात मात्र ती बसत. पहिल्यांदा आईला एक पासवर्ड आठवून दिला तेव्हा तिला मोठी गंमत वाटली होती. मग दोन झाले, दहा झाले, एकतीस झाले.

आता गंमत उरली नव्हती. जेवताना ती मनातल्या मनात घोकायची. वर्गात सात आठे किती असं विचारलं की छप्पनच्या आधी रक्ताच्या यंत्राची अक्षरं जिभेवर यायची. महिना बदलला की जुने एकतीस विसरायचे आणि नवे एकतीस आठवायचे. विसरणं हेच जास्त अवघड होतं. सकाळी उठायची तीच थकून.

मार्च महिन्यातली गोष्ट. त्या सकाळी औषधांच्या कपाटाने नवा पासवर्ड मागितला. नभाची वार्षिक परीक्षा होती आणि पलीकडच्या काठावर शाळेत न्यायला बोट उभी होती. तिने घाईघाईत एक पासवर्ड रचला, कपाटात भरला, आईला दोनदा म्हणून दाखवला आणि धावत बोट गाठली.

पुढचं तिला संध्याकाळी कळलं. दुपारी बाराच्या सुमाराला वरच्या वाडीतल्या हौसाबाईंना फुरसं चावलं. त्यांना केंद्रात आणलं तेव्हा पाय सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. वनिताताई त्या दिवशी केंद्रातच होत्या. विषावरचं इंजेक्शन कपाटात होतं. वनिताताईंनी पासवर्ड टाकला, चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा चुकल्यावर कपाटाने स्वतःला दोन तासांसाठी कुलूपबंद करून घेतलं. मदतकेंद्राला फोन लावला तर तिथे अडतीस माणसं रांगेत होती. नभाला विचारावं तर शाळेत परीक्षेच्या वेळी सगळ्यांचे फोन एका पेटीत ठेवलेले. शेवटी वनिताताईंनी केंद्रालगतच्या आपल्या घरातून वरवंटा आणला आणि कपाटाची काच फोडली.

हौसाबाई वाचल्या. पण कपाटातली गार हवा निघून गेली, महिन्याभराची लस वाया गेली, आणि वनिताताईंच्या उजव्या हाताला सात टाके पडले.

नभा घरी आली तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. हाताला पट्टी, डोळे मिटलेले. चाहूल लागल्यावर तिने डोळे उघडले, रागावली मात्र नाही.

"सकाळचा काय होता गं?" तिने विचारलं.

नभाने सांगितला. आईने मान हलवली. "शेवटचे दोन आकडे उलटे टाकत होते मी," ती म्हणाली आणि परत डोळे मिटले. नभाला वाटलं, ओरडली असती तरी चाललं असतं.

तीन दिवसांनी तालुक्याहून पत्र आलं. कपाट का फोडलं आणि पासवर्ड माहीत का नव्हता, याचा खुलासा पंधरा दिवसांत करायचा होता. त्यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर नभाचं नाव येणार होतं. वनिताताईंनी कागद पुढे ओढला, दोन ओळी लिहिल्या, खोडल्या आणि वडिलांना फोन केला.

सखाराम झोरे, म्हणजे नभाचे आजोबा, तिचे आप्पा, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तीस वर्षं स्मार्टकार्डं बनवत होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, गुडघे दुखत होते, आणि लांबचा प्रवास त्यांना नको वाटे. तरी ते आले. बोटीतून उतरल्यावर काठावरच्या दगडावर दहा मिनिटं बसले, तेव्हा कुठे घरापर्यंतची चढण चढू शकले. सगळी हकिकत त्यांनी ऐकून घेतली. मग नभाला जवळ बसवून म्हणाले, "दमलीस ना?"

एवढ्याशा शब्दांनी तिला रडू फुटलं. इतके दिवस हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक साधं प्लास्टिकचं कार्ड, त्यावर करंगळीच्या नखाएवढा सोनेरी चौकोन, आणि कार्ड खोचायची, आकड्यांची बटणं असलेली काडेपेटीएवढी डबी. एकतीसच्या एकतीस पासवर्ड यात मावतील, असं त्यांनी सांगितलं. नभाला हे पटलं नाही. कागदावर लिहिलेलं चोराला मिळतं म्हणून कागद नको म्हणतात. मग कार्ड तरी चोराला मिळणार नाही कशावरून?

"मिळेल की," आप्पा म्हणाले. "पण कागद मुका असतो. जो उचलेल त्याला सगळं दाखवतो. या चौकोनाखाली एक चिप आहे, आणि चिपमध्ये प्रोसेसर आहे (म्हणजे विचारलेलं तपासून काय करायचं ते ठरवणारा भाग). हे कार्ड म्हणजे एक छोटा संगणकच आहे. कुणाला काय द्यायचं ते तो स्वतः ठरवतो."

मग त्यांनी सावकाश उलगडून सांगितलं. चिपच्या स्मृतीत पासवर्ड कूटबद्ध करून ठेवलेले असतात (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नयेत असे उलटेपालटे केलेले), आणि ती किल्लीही चिपच्या आतच असते, ती बाहेर येत नाही. कार्ड डबीत खोचलं की ते आधी पिन विचारतं (म्हणजे कार्डाच्या मालकाला ठाऊक असलेला गुप्त आकडा). पिन बरोबर असेल तरच ते पासवर्ड देतं, तोसुद्धा डबी ज्या यंत्राला जोडली आहे त्या एकाच यंत्राचा. बाकीचे तीस आतच राहतात. वनिताताईंना लक्षात ठेवायला उरणार फक्त सहा आकडे.

नभा विचार करू लागली. सहा आकड्यांचे दहा लाख पिन होऊ शकतात. चोराकडे वेळ असेल तर तो एकेक करून सगळे टाकून पाहील. आप्पांनी तिच्यापुढे कार्ड सरकवलं आणि त्याचा पिन ओळखायला सांगितलं. तिने तीन पिन टाकले. तिन्ही चुकले, आणि डबीवरचा दिवा लाल झाला. त्यानंतर तिने काहीही टाकलं तरी कार्ड उत्तरच देईना. ते फक्त आप्पांकडच्या एका लांबलचक सुटका-क्रमांकाने उघडलं, आणि तो क्रमांक घरात ठेवायचाच नसतो. म्हणजे दहा लाखांतले तीनच पिन टाकून बघता येत होते.

पण नभा अशी सोडणारी नव्हती. आप्पा चहा पीत असताना तिला एक युक्ती सुचली. पिन टाकायचा, आणि कार्डाने चूक मोजायच्या आत ते झटकन डबीतून उपसायचं. बाहेर काढलं की कार्डाची वीज गेली. वीज गेली तर ते चूक लिहिणार कसं? तिने तीनदा तसं केलं, दर वेळी आधीपेक्षा चपळाईने. चौथ्यांदा कार्ड खोचलं तर दिवा लाल.

"याला कसं कळलं?" ती चकित होऊन म्हणाली.

आप्पांचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. "तूच सांग. ते चूक कधी लिहीत असेल?"

नभाने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. पिन तपासल्यावर लिहीत असतं तर तिची युक्ती चालली असती. ती चालली नाही, म्हणजे ते तपासायच्या आधीच लिहीत असणार. आधी एक संधी खोडायची, मगच पिन बघायचा, आणि बरोबर निघाला तर खोडलेल्या संधी परत द्यायच्या. तिने हे हळूहळू, अडखळत मांडलं. आप्पा म्हणाले की प्रयोगशाळेत ही गोष्ट लक्षात यायला त्यांना एक पूर्ण आठवडा आणि तीन निकामी कार्डं लागली होती.

वनिताताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांची शंका वेगळी होती. कार्ड पाण्यात पडलं तर? एकतीस पासवर्ड एकदम बुडाले तर? आप्पांनी दुसरं कार्ड पुढे केलं. ते पहिल्याचंच जुळं होतं. ते मोहोरबंद पाकिटात तालुक्याला ठेवायचं आणि दर महिन्याला पासवर्ड बदलले की तेही नवं करून घ्यायचं. पासवर्ड रचण्याचं कामही कार्डच करणार होतं, वीस वीस अक्षरांचे, कुणालाही न सुचणारे. ते कुणी घोकायचे नव्हतेच, त्यामुळे कितीही अवघड असले तरी बिघडत नव्हतं.

"आणि पिन जन्मतारखेचा ठेवू नकोस," आप्पांनी मुलीला बजावलं. "नभालाही सांगू नकोस."

त्या संध्याकाळी वनिताताईंनी खुलासा लिहिला. टाक्यांमुळे अक्षर वाकडं येत होतं, पण त्यांनी काही लपवलं नाही. माझे पासवर्ड माझी मुलगी लक्षात ठेवत होती, हा दोष माझा आहे, आणि एकतीस पासवर्ड एका माणसाला झेपत नाहीत हेही खरं आहे, असं त्यांनी लिहिलं. शेवटी कार्डाची माहिती जोडली. पत्र वाचून झाल्यावर नभाने विचारलं, नोकरी जाईल का. आईने ठाऊक नाही म्हणून सांगितलं आणि पाकीट बंद केलं.

तीन आठवड्यांनी तालुक्याच्या आरोग्य अधिकारी, डॉक्टर फर्नांडिस, स्वतः बोटीतून आल्या. वनिताताईंना लेखी ताकीद मिळाली, ती त्यांनी मान खाली घालून घेतली. मग डॉक्टरांनी कार्ड मागून घेतलं, स्वतः तीनदा पिन चुकवून पाहिला आणि आपल्या हाताखालच्या नर्सही पासवर्डचे कागद कुठे कुठे लपवतात ते थकलेल्या आवाजात सांगितलं. जाताना त्यांनी करंजवणसह तीन केंद्रांत सहा महिने कार्ड वापरून बघायची परवानगी दिली.

नभाच्या डोक्यातले पासवर्ड लगेच गेले नाहीत. कार्डाने ते केव्हाच बदलले होते, तरी दात घासताना एखादा उगाच आठवायचा. मग जून उजाडला, शाळा सुरू झाली, आणि एका रविवारी दुपारी तिला जाणवलं की आठवडाभरात आपण काही घोकलेलंच नाही. आई आत झोपली होती. तेव्हापासून इथेच राहिलेले आप्पा ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत होते. नभा त्यांच्याजवळ जाऊन बसली. एक गोष्ट तिला बरेच दिवस खुपत होती.

कार्ड पासवर्ड सांभाळतं हे ठीक, पण शेवटी तो यंत्राला सांगतंच की. वाटेत कुणी ऐकला तर? गुपित न सांगताच आपल्याला ते ठाऊक आहे असं पटवून देता येणार नाही का?

आप्पांचा हात थांबला. "येतं," ते म्हणाले. "यंत्राने दर वेळी नवा प्रश्न घालायचा. कार्डाने आतल्या गुपिताच्या मदतीने तो सोडवायचा आणि फक्त उत्तर बाहेर द्यायचं. उत्तर कुणी चोरलं तरी उद्या प्रश्न वेगळा असतो. अशी कार्डं आहेत. पण आपल्या या जुन्या यंत्रांना तसा प्रश्न विचारताच येत नाही. त्यांना शिकवायला हवं. मी सुरुवात केली होती, पण पुरं झालं नाही."

"अवघड आहे?"

"वेळ लागेल. तुझं गणित पक्कं व्हावं लागेल."

नभा उठून वही घेऊन आली आणि कोऱ्या पानावर एक कपाट आणि एक कार्ड काढून दोघांच्या मध्ये बाण काढू लागली. पहिला बाण कुणाकडून कुणाकडे, असं तिने जरा मोठ्याने विचारलं, तेव्हा आप्पांनी ओठांवर बोट ठेवून आतल्या खोलीकडे खूण केली. मग ती दोघं हळू आवाजात बोलू लागली.