कुरमुटी

कानामागे तांदळाच्या दाण्याएवढा शब्दसेतू बसवल्यापासून त्र्यंबकराव स्वच्छ, शुद्ध बोलू लागले होते आणि मंदाताईंना त्याचंच रडू येत होतं.

पक्षाघाताने त्र्यंबकरावांची वाचा गेली होती. मनात अर्थ उमटे, पण शब्दापर्यंत जाणारी वाट खचलेली. शब्दसेतू मेंदूतल्या विजेच्या लहरींवरून तो अर्थ ओळखी, सगळ्या रुग्णांच्या सामाईक शब्दकोठारातून जुळता शब्द काढी आणि जिभेला देई.

"सकाळी मी रुसले," मंदाताई डॉक्टर देवस्थळींना सांगत होत्या, "तर हे म्हणतात, 'आपण नाराज आहात, परंतु आपणांस हसू येत आहे.' हा नवरा की आकाशवाणी?"

डॉक्टर हसल्या. "पूर्वी काय म्हणायचे?"

"कुरमुटी." मंदाताई लाजल्या. "तोंडावर रुसवा आणि पोटात हसू. यांनीच काढलेला शब्द. चहा करताना गुणगुणायचे,

चहात साखर कमी का पडली?
कुरमुटी कुणाच्या गाली दडली?"

"तुम्ही अर्थ सांगितलात तर कोठारात घालता येईल. पण कोठार एकच आहे, ताई. तिथे गेलेला शब्द कुणाच्याही तोंडी येऊ शकतो."

"आमच्या दोन खोल्यांतला शब्द कुणाला लागतोय?" म्हणत मंदाताईंनी तो देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्र्यंबकराव म्हणाले, "काय गं कुरमुटी?" मंदाताईंनी त्यांच्या चहात आणखी एक चमचा साखर घातली.

पुढच्या तपासणीला दवाखान्याच्या बाकावर, कानामागे तसाच सेतू असलेले एक अनोळखी म्हातारबुवा बायकोला म्हणत होते, "झाली का तुझी कुरमुटी सुरू?" ती बाई गोड लाजली. मंदाताईंना वाटलं, आपल्या स्वयंपाकघरात कुणी परकं येऊन बसलंय. पण रागवायचं कुणावर? ती बाईही तशीच नवऱ्याच्या शब्दांना आसुसलेली होती.

त्र्यंबकरावांनीही ते ऐकलं होतं. रिक्षात ते नुसता मंदाताईंचा हात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी सेतूने दिलेला 'कुरमुटी' हा शब्द मान हलवून परतवला. मग वाकड्या ओठांनी, घाम येईपर्यंत धडपडून म्हणाले, "भुं... भुंळू."

"म्हणजे काय हो?"

"भुंळू." डोळे मात्र हसत होते.

अर्थ कळला नाही, तरी मंदाताई म्हणाल्या, "तुम्हीच भुंळू."

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "ताई, सेतूला आज एक अनोळखी शब्द ऐकू आला. कोठारात घालू या का? अर्थ काय त्याचा?"

मंदाताईंनी त्र्यंबकरावांकडे पाहिलं.

"शब्द कसला," त्या म्हणाल्या, "ठसका लागला होता त्यांना."

त्यावर सेतूने त्र्यंबकरावांपुढे आभाराचं एखादं सुरेख वाक्य ठेवलं असावं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.