कानबाईची हजेरी

सुलभा धायगुडेबाईंचा फायदा सरळ होता. केतकी वाघचौरे ही नवी शिक्षिका वर्षभर टिकली आणि तिच्या वर्गाची हजेरी घसरली नाही, तर बाईंची बदली घराजवळ. सव्वीस वर्षं आडगावांत काढल्यावर स्वर्ग म्हणतात तो हाच. केतकीचंही नुकसान नव्हतं. ती कायम होणार होती.

दोघींच्या मध्ये होती कानबाई. कानामागे चिकटवायची बटणाएवढी चकती. तीन वर्षं ती बाईंनी वर्गात लावली होती. बाई काय पाहून काय करतात, ते तिने टिपलं. आता केतकीच्या कानात ती बाईंच्याच आवाजात कुजबुजे. मागच्या बाकावरच्यावर ओरडू नको, उपाशी आहे. पोरगा खरंच उपाशी निघे. केतकीला शेजारच्या वर्गावरच्या खऱ्या बाईंपेक्षा कानबाई बरी वाटू लागली. ती टोमणे मारत नसे.

दिवाळीनंतर सातवीतली समृद्धी येईनाशी झाली. सलग तीन दिवस गैरहजेरी लागली, की हजेरीयंत्र बालरक्षकाला कळवतं आणि तो घरी जातो. पण कानबाई म्हणाली, ‘हजर लाव. येईल.’ केतकीने बावीस दिवस हजर लावली.

तेविसाव्या दिवशी एका मुलीने पाढा म्हणावा तसं सांगून टाकलं, की समृद्धीचं लग्न झालं.

“बाई, तुमच्याच आवाजात सांगत होती ती,” केतकी म्हणाली.

कानबाई हे कुठून शिकली, ते बाईंना लगेच कळलं. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या पोरांची नावं कटू नयेत म्हणून त्या दरवर्षी हजर लावत. शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नसे.

“लावायचे गं. पण रोज संध्याकाळी टोळीच्या मुकादमाला फोन करायचे. पोर डोळ्यांना दिसतंय ना, म्हणून विचारायचे.”

“हे कानबाईला माहीत नव्हतं?”

“घरी भाजी चिरताना कशाला लावू मी ती?”

समृद्धीचे आईबाप तर या वर्षी ऊसतोडीला गेलेच नव्हते. तासाभरात तक्रार झाली. अधिकारी घरी गेले, तेव्हा बापाने शांतपणे मोबाइलवर शाळेची हजेरी उघडून दाखवली. लग्न कसलं साहेब, त्या दिवशी पोरगी शाळेत होती की. आजच मामाकडे गेलीय.

हजेरी खोटी आहे, असं दोघींनी लिहून दिलं. तो जबाब त्यांच्यावर कारवाई करायला पुरला. पोरीला शोधायला पुरला नाही.

बाईंची बदली रद्द झाली. केतकी घरी बसली. कानबाई जूनपासून आणखी चारशे शाळांत रुजू झाली. आणि तेरा वर्षांच्या समृद्धीला, हजेरी उत्तम म्हणून, यंत्राने आठवीत चढवलं. तिथे तिचं नाव पुकारलं जातं, तेव्हा नव्या शिक्षिकेच्या कानात काय सांगितलं जात असेल?