ठेवलेलं आणि उरलेलं

रंजनाताई खुटवड यांच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले, त्याला सात महिने होऊन गेले होते. डॉ. सुधन्वा शेवडे यांनी चार वेळा मायना लिहिला आणि चारही वेळा कागदाची घडी घालून ती कुठल्यातरी पुस्तकात ठेवली. कुठल्या पुस्तकात, हेही आता त्यांना आठवत नव्हते.

पत्र चंद्रावरून आले होते. दक्षिण ध्रुवाजवळच्या कौमुदी तळावर चौतीस माणसे राहत आणि रंजनाताई त्यांचे स्वयंपाकघर सांभाळत. कामाचे निरोप बिनतारी यंत्रणेने क्षणात येत-जात. पण पुरवठायान परतताना प्रत्येकाला दहा ग्रॅम वजनाचा खासगी कागद पाठवायची मुभा असे. घरच्यांना लिहायचे सोडून या बाईंनी आपले दहा ग्रॅम तळाचा शिधा मोजणारे ‘मापाडी’ यंत्र बनवणाऱ्या एका अनोळखी शास्त्रज्ञावर खर्च केले होते. शेवड्यांना तेच जास्त टोचत होते.

‘साहेब,’ त्यांनी लिहिले होते, ‘तुमचा मापाडी हुशार आहे. शिळ्या भाताची धिरडी, वरणाचं थालीपीठ, भाकरीचा कुस्करा, सगळं मी त्याला शिकवलं. इथं घासभरही वाया जात नाही. या महिन्याची डाळ वीस तारखेलाच वाढली आहे. एकच विचारायचं होतं. ठेवलेलं आणि उरलेलं यातला फरक त्याला कळतो का? कळत नसेल तर तसं सांगा, म्हणजे मी माझं बघेन.’

फरक कळतो की नाही, हे शेवड्यांना ठाऊक नव्हते. मुळात फरक काय, हेच त्यांना समजले नव्हते. तसे लिहायची लाज वाटली, आणि दिवस गेले.

आज मात्र त्यांना एका जागी बसवत नव्हते. उद्या सकाळी नवे पुरवठायान सुटणार होते. टपालाची पिशवी साडेपाचला बंद होणार होती. त्याआधी, चार वाजता, तळाच्या पुरवठा समितीची बैठक होती. यानातले धान्य पाचव्या हिश्शाने कमी करून तिथे उपकरणे भरण्याचा ठराव होता आणि त्यावर मापाडीचा जनक म्हणून शेवड्यांची सही हवी होती. त्यांनी तिसऱ्यांदा चष्मा पुसला. खिडकीपाशी गेले. परत आले.

दारातून डॉ. ऋजुता वाघचौरे आत आल्या. कौमुदी तळावरच्या माणसांच्या प्रकृतीची देखरेख त्या पुण्यातूनच करत. त्यांनी न विचारता खुर्ची ओढली.

“सर, चौतीसच्या चौतीस जणांची वजनं उतरलीत. सरासरी सहा किलो. मी समितीला तीनदा कळवलं. तीनदा उत्तर आलं, अल्पगुरुत्वामुळे भूक मंदावते.”

“पण पातेल्यात उरतं ना,” शेवडे चाचरत म्हणाले. “भुकेली माणसं पातेलं खरवडून खातील. उरतंय, याचा अर्थ...”

“अर्थ तुमच्या मापाडीने लावलाय. तो काय करतो, ते मला एकदा सोपं करून सांगा. मी डॉक्टर आहे, गणिती नाही.”

शेवड्यांना हे बरे वाटले. समजावून सांगताना त्यांचे चाचरणे कमी होई. “दुपारी दोनला भोजनकक्ष बंद होतो. त्याच क्षणी मापाडी पातेल्यांचं वजन घेतो. तळाशी असेल ती उरीव. ती दुसऱ्या दिवशी न्याहारीला लागते, तेव्हा वाया काही जात नाही. पण जास्तीचं शिजवायला पाणी लागतं, आणि चंद्रावर पाण्याचा थेंब न् थेंब महाग. म्हणून महिनाअखेर तो शिजवलेल्यातून उरीव वजा करतो. राहील ती पुढच्या महिन्याची खरी गरज. तेवढाच शिधा कोठीतून सुटतो.”

“आणि पुढच्या महिन्यात पुन्हा उरलं तर?”

“पुन्हा वजा. उरीव शून्य झाली की तो थांबतो.”

“झाली का शून्य?”

“अजून नाही.”

“अकरा महिन्यांत एकदाही नाही?”

काय वाटले कोणास ठाऊक, शेवड्यांनी टेबलाच्या खणातून रंजनाताईंचे पत्र काढून त्यांच्यापुढे सरकवले.

ऋजुताबाई वाचता वाचता मध्येच थांबल्या. “हे डाळ वाढली म्हणजे तुम्ही काय समजलात?”

“जास्त झाली. महिना पुरून उरणार, हे वीस तारखेलाच दिसलं.”

“सर, तुम्ही कधी स्वयंपाकघरात पाय ठेवलाय?”

“चहा करतो मी.”

“पुस्तक वाचता वाचता, करपवून?” त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. “आमच्याकडे डाळ संपली, तांदूळ संपले असं कुणी म्हणत नाही. चुलीपाशी तो शब्द काढायचा नसतो. वाढली म्हणतात. बांगडी फुटली तर वाढली म्हणतात, तसं. बाई सांगतेय की महिन्याची डाळ वीस तारखेलाच संपली.”

वसतिगृहात आणि वाचनालयात वाढलेल्या शेवड्यांनी हा अर्थ शब्दकोशात वाचला होता. कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. सात महिने ते पत्र खणात होते, आणि त्या ओळीने आपल्याला दर वेळी थोडा धीरच दिला होता, हे त्यांना आठवले.

त्यांनी अकरा महिन्यांचे आकडे पडद्यावर घेतले. पहिल्या महिन्यात रोजचा दुपारचा भात बारा किलो, उरीव तीनशे त्रेपन्न ग्रॅम. या महिन्यात भात साडेसात किलो, उरीव पाचशे चाळीस.

“हे उलटं आहे,” ते पुटपुटले. “शिजवणं घटतंय आणि उरणं वाढतंय.”

“ठेवलेलं म्हणतेय ती,” ऋजुताबाई म्हणाल्या. “कुणासाठी ठेवत असेल?”

शेवड्यांनी काही न सुचून नेहमीचा उद्योग केला. भागाकार. बारा हजार भागिले चौतीस. उत्तर आले तीनशे त्रेपन्न.

त्यांनी पडद्यावर पहिल्या महिन्याच्या उरीवेवर बोट ठेवले. तोच आकडा.

“एका माणसाचं जेवण,” ते म्हणाले. “पहिल्या महिन्यात पातेल्यात बरोबर एका माणसाचं जेवण शिल्लक होतं. दोन वाजेपर्यंत तेहेतीस माणसं जेवली. चौतिसावी...”

“चौतिसावी भाकऱ्या टाकत होती,” ऋजुताबाई म्हणाल्या. “करणारी बाई शेवटी जेवते, सर. मागचं आवरून, अडीच-तीनला. आणि माझं जेवण ठेवलंय असं ती लिहिणार नाही. नुसतं ठेवलेलं लिहील.”

“म्हणजे मापाडीने तिचं ताट उरीव धरलं. दर महिन्याला तेवढं सगळ्यांच्या वाट्यातून कापलं.” शेवड्यांनी पुढचा आकडा मांडला. “आता एकेकाच्या वाट्याला येतात दोनशे वीस ग्रॅम. उरतात पाचशे चाळीस. तिचे दोनशे वीस सोडले तरी वरचे तीनशे वीस राहतात. भागिले तेहेतीस. माणशी दहा ग्रॅमही नाहीत.”

“एक घास.”

“हो. पातेलं खाली गेलेलं सगळ्यांना दिसतं, आणि ताई जेवायच्यात हेही ठाऊक असतं. जो तो एक घास कमी घेतो. ती तो सकाळी न्याहारीत त्यांनाच परत करते. मापाडीला वाटतं, यांची पोटं भरलीत. भूक वाढेल तसं ते अजून सोडतील, आणि तो अजून कापेल. हा हिशेब कधी थांबतो, माहीत आहे? सगळ्यांनी सगळंच सोडलं की.”

चार वाजता समितीपुढे बोलताना शेवड्यांचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे पोहोचत नव्हता. अध्यक्ष सबनीस यांनी दोनदा “मोठ्याने, शेवडे” म्हटले. मग मात्र ते स्वच्छ बोलले. ठरावावर सही करणार नाही. धान्य पूर्ण भरावे. मापाडीची कपात आजच बंद करून भात पुन्हा बारा किलोवर न्यावा.

सबनीस कागद चाळत म्हणाले, “पुढच्या तीन तळांवर तुमचंच यंत्र बसणार होतं. तुमच्या नावानं. अकरा महिने ते एका बाईचं जेवण कापत होतं, असं इतिवृत्तात लिहू?”

“लिहा,” शेवडे म्हणाले. “आणि त्या बाईंनी सात महिन्यांपूर्वी कळवलं होतं, मी उत्तर दिलं नाही, हेही लिहा.”

सबनिसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “उपाय सोपा आहे. तिला सांगा, दोनच्या आत सगळ्यांबरोबर जेवून घेत जा.”

“आणि गरम भाकऱ्या कोण टाकणार?” मागून ऋजुताबाई म्हणाल्या. “तुम्ही जाताय का वर?”

दोघे-तिघे हसले. ठराव बारगळला. धान्य पूर्ण भरायचा आदेश निघाला, आणि कपात थांबवायचा संदेश चंद्राकडे गेला. सव्वापाच झाले होते.

शेवडे टपालखिडकीशी उभे राहिले. या वेळी मायना लिहायला त्यांना विचार करावा लागला नाही. खिडकीवरच्या कारकुनाने घड्याळाकडे बोट केले, तरी ते सावकाश लिहीत राहिले.

‘रंजनाताईंस सप्रेम नमस्कार. तुम्ही विचारलेला फरक मापाडीला कळत नव्हता, कारण तो मलाच कळत नव्हता. उशीर माझा आहे. शिधा आजपासून पूर्ववत झाला आहे. यापुढे मापाडी वजन घेईल ते तुमचं जेवण झाल्यावर, आणि त्यानंतरही तळाशी काही राहिलं तर तो दुसऱ्या दिवशी जास्त शिजवायला सांगेल. त्यासाठी त्याच्यात एक वेळ भरायची आहे. ती मी अंदाजाने भरणार नाही. तुम्ही किती वाजता जेवता?’

कारकुनाने कागद काट्यावर ठेवला. नऊ ग्रॅम. त्याने शिक्का मारला आणि पत्र पिशवीत टाकले.