सोडा म्हणेपर्यंत

दुपारचं जेवण उरकून कानसेन स्टुडिओकडे निघाला तेव्हा त्याच्या मनात भीती नव्हती, असलीच तर झोप होती. काम किरकोळ होतं. भाचीच्या डॉक्युमेंटरीत वाक्यावाक्यांच्या मधे ज्या फटी राहिल्या होत्या त्या बुजवायच्या आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचं. अशी कामं करण्यातच त्याचा जन्म गेला होता. आता ऐकायला बसलाच आहात तर दिवा जरा इकडे सरकवा, आणि ह्या कामाची एक खुबी आधी समजून घ्या, नाहीतर पुढची भीती फुकट जायची.

प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. शूटिंग संपलं की आवाजाचा माणूस सगळ्यांना जागच्या जागी गप्प उभं करतो आणि त्या खोलीची नुसती शांतता थोडा वेळ टिपून ठेवतो. पुढे कुठे कुणी शिंकलं, कुठे वाक्य कापलं, की त्या भोकावर ह्याच शांततेचं ठिगळ लावायचं. दुसऱ्या खोलीची चालत नाही. पांढऱ्या शर्टाला पिवळं ठिगळ लावावं तसं लगेच कळतं. कानसेन ह्यात वस्ताद होता. गळ्यात सूर नावाला नाही, पण कान असे की शेजारणीचं दूध उतू जायच्या आधी ह्याला कळायचं. सासऱ्यांनी लग्नात थट्टेने ठेवलेलं हे नाव त्याला कायमचं चिकटलं होतं.

शांतता टिपायच्या आधी तो नेहमी म्हणायचा, "आता श्वाससुद्धा घेऊ नका रे." आणि काम झालं की, "झालं, सोडा." मग सगळे हसत हुश्श करायचे. थट्टाच होती ती, दुसरं काय! पण घड्याळजी ती मनावर घ्यायचा.

डॉक्युमेंटरी ह्या घड्याळजीवरच होती. एके काळी त्याच्या हातात जादू होती. मेलेलं घड्याळ नुसतं तळहातावर धरलं तरी चालू होईल असं लोक म्हणायचे. मग नशेची पूड आली. दुकान गेलं, बायको गेली, दात गेले. राहिली एक खोली आणि एक थोरली बहीण, अक्का. पण माणूस असा लाघवी की विचारू नका. शूटिंगची मंडळी दारात आली की पहिला प्रश्न, "जेवलात का?" स्वतःच्या पोटात कालपासून काही नसलं तरी हाच प्रश्न. कॅमेरावाल्याचं बंद पडलेलं घड्याळ त्याने न मागता दुरुस्त करून दिलं. भाची कानसेनला मामा म्हणायची, म्हणून हाही मामा म्हणायला लागला.

आणि "श्वाससुद्धा घेऊ नका" म्हटलं रे म्हटलं, की हा गाल फुगवून श्वास कोंडून बसायचा. तोंड लालबुंद. भुवया उंचावून कानसेनला नुसत्या डोळ्यांनी विचारायचा, सोडू का? कानसेन मुद्दाम थोडा जास्त वेळ थांबायचा. शेवटी "सोडा" म्हटलं की घड्याळजी भात्यासारखा फुस्स करायचा आणि म्हणायचा, "मामा, मारता का काय मला!"

एकदा कॉलरला माइक लावून घेताना तो हळूच म्हणाला होता, "मामा, मी पुडी घेताना दाखवायचं तर दाखवा जगाला. लाज मी कधीच विकून खाल्ली. फक्त अक्काला नका दाखवू." कानसेनने "बरं" म्हणून ते भाचीच्या कानावर घातलं होतं. "नंतर बघू रे," असं ती म्हणाली होती.

ते "नंतर" आज उजाडलं होतं. घड्याळजी जाऊन काही आठवडे झाले होते, आणि आज अक्का स्टुडिओत येणार होती. भाचीनेच तिला बोलावलं होतं. जगाच्या आधी घरच्या माणसाने बघावं, हा तिचा नियम, आणि ती नियमाची पक्की.

स्टुडिओ म्हणजे एक बिनखिडक्यांची खोली. भिंतींना जाड काळं कापड, बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत कायमचा अंधार, आणि त्यात पडद्याचा निळसर उजेड. भाची पाय खुर्चीवर घेऊन बसली होती. "ये मामा. शेवटचा शॉट तेवढा राहिलाय. संगीत नको, बोलणं नको. नुसती खोली ऐकू येऊ दे."

शेवटचा शॉट कोणता हे कानसेनला माहीत होतं. त्या दिवशी घड्याळजीने कॅमेऱ्यासमोर पुडी घेतली होती. भाचीने थांबवलं नाही, कॅमेरावाला थांबला नाही, आणि कानसेनही काठीला लावलेला माइक धरून पुतळ्यासारखा उभा राहिला. मग घड्याळजी भिंतीला टेकला, त्याने डोळे मिटले, आणि कानसेनने नेहमीचं "श्वाससुद्धा घेऊ नका रे" म्हणून खोलीची शांतता टिपायला घेतली. त्या रात्री घड्याळजी झोपेत गेला, असंच सगळे धरून चालले होते.

"हा काढून टाक," कानसेन म्हणाला. "अक्काला दाखवणार नाही असं त्याला..."

"मी नाही, तू कबूल केलंस." भाची वळली. डोळे जागरणाने सुजलेले. "मामा, माझी मैत्रीण अशीच गेली, ठाऊक आहे ना तुला? तेव्हा तिला कुणी असं काही दाखवलं असतं, तर? हा शॉट बघून एक पोरगा जरी घाबरला आणि वाचला..."

"कानामागून आली आणि तिखट झाली," कानसेन पुटपुटला. पण हे पुटपुटणं लटकं होतं. पोरीचा त्याला अभिमानच होता. त्याने हेडफोन चढवले आणि त्या खोलीची शांतता सुरू केली.

आधी ओळखीचे आवाज आले. भाचीच्या नाकाची बारीकशी शीळ. कॅमेरावाल्याच्या गुडघ्याची कट्. त्याचा स्वतःचा जड श्वास. आणि मग चौथा... लांब, खोल, आत घेतलेला श्वास. कानसेन हसला. घेतला गाल फुगवून लबाडाने!

मग तो वाट पाहत राहिला. खाली गाडीचा हॉर्न वाजला. अंधार पडायच्या आत पुलावरचं दृश्य घ्यायचं होतं, गाडीवाला घाई करत होता. भाचीचा आवाज, "चला चला, झोपू दे त्याला." सामानाची खडखड. दार. बस्स, तिथेच रेकॉर्डिंग संपलं.

चौथा श्वास बाहेर आला नव्हता.

शॉट लांब होता आणि शांतता छोटी, म्हणून कानसेनने तोच तुकडा पुन्हा पुन्हा जोडला. दुसऱ्या फेरीत पुन्हा तो श्वास आत गेला, बाहेर नाही. तिसऱ्या फेरीत तो जरा आधीच आला. चौथ्यात आणखी आधी, आणखी खोल... जणू पहिला अजून छातीत आहे आणि त्याच्यावर हा दुसरा. शांतता फुगत चालली. फुगा आता फुटेल, मग फुटेल, असं वाटतं ना, तशी.  कानसेनने हेडफोन काढले.

काही फरक पडला नाही.

एसीची घरघर थांबली होती, पण गार वारा येत होता. भाची बटणं दाबत होती, पण त्यांचा आवाज येत नव्हता. तिने त्याच्याकडे बघून काहीतरी म्हटलं. ओठ हलले, शब्द नाही. घड्याळजीच्या खोलीची शांतता हेडफोनमधून निघून इथे येऊन बसली होती. तिला वासही होता. विझलेल्या काडीचा, आणि घड्याळात घालतात त्या बारीक तेलाचा...  आपल्या पाठीमागे, अगदी मानेजवळ, कुणीतरी भुवया उंचावून बघतंय हे कानसेनला न वळता कळलं.

दारावर टकटक झाली आणि एसी घरघरला.

"जेवलात का?" आत येता येता अक्काने विचारलं. बाई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. अंगाला अजून वाफेचा वास होता. कानसेनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हा प्रश्न ह्या घराच्या रक्तातच होता तर.

ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि पडद्याकडे न बघता हात चोळत राहिली. "आधी एक सांगू? हसू नका. तो गेल्यापासून घरात कुणीतरी श्वास कोंडून बसलंय असं वाटतं. लहानपणी लपंडाव खेळताना असंच करायचा मेला. कपाटात शिरायचा आणि श्वास धरून बसायचा, ऐकू जायला नको म्हणून. एकदा निळा पडला होता. मी 'हरले रे, ये बाहेर' म्हटल्याशिवाय यायचाच नाही. आतासुद्धा मी म्हणते, हरले रे बाबा, ये... पण नाही येत. माझं नाही ऐकत आता तो."

कानसेनला तेव्हा उमगलं. हॉर्न वाजला, सगळे पळाले. आपण "सोडा" म्हटलंच नाही.

त्याने हेडफोन भाचीच्या डोक्यावर ठेवले. ती ऐकत गेली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. "मामा," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तो बाहेर कधी सोडतो?"

"नाही सोडत."

"म्हणजे आपण... तिथे असतानाच?"

"पोरांना वाचवायचं म्हणतेस ना? ह्याला वाचवायचं होतं तेव्हा आपण श्वास धरून उभे होतो, राणी. तू, मी, सगळेच."

ती रडायला लागली. अक्का गोंधळून एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. कानसेन तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. झोपेत गेला म्हणून सांगितलं होतं ते खरं नव्हतं. आम्ही खोलीत होतो, कॅमेरा चालू होता, आम्ही शांतता टिपत होतो. एकही शब्द त्याने गिळला नाही.

अक्काने विचारलं, "डॉक्टर बोलावला असता तर?"

"माहीत नाही, अक्का. पण आम्ही बोलावला नाही."

"गाडीचा हॉर्न ऐकू आला तुम्हाला. आणि माझा भाऊ नाही ऐकू आला. कसले हो तुम्ही कानसेन?"

त्याने मान खाली घातली.  मग तिनेच विचारलं, "एकटा नव्हता ना पण?"

"नाही. आम्ही होतो. तो आमच्यावर खूश होता, अक्का. आणि आमचाही फार जीव होता त्याच्यावर."

"मग ते तुमचं काय असतं ते म्हणा त्याला," अक्का डोळे पुसत म्हणाली. "तुमचीच वाट बघत बसला असेल. लहानपणापासून शब्दाचा पक्का."

भाचीने ती शांतता मोठ्या स्पीकरवर लावली. शीळ. गुडघ्याची कट्. जड श्वास. मग तो चौथा, आत... एसीची घरघर पुन्हा विझली. काडीचा वास आला आणि अक्काने पदर घट्ट धरला. तिने तो वास ओळखला होता. खोली फुगत गेली, कानात दडे बसले. हॉर्नही वाजेना. रेकॉर्डिंग केव्हाच संपायला हवं होतं, पण ते संपत नव्हतं.

"झालं रे," कानसेन म्हणाला.  "झालं माझ्या राजा. सोड आता."

आणि स्पीकरमधून तो श्वास बाहेर आला. लांब, निवांत, संपता संपेना. टेबलावरचे कागद हलले. अक्काच्या कपाळावरची बट उडाली. तिने डोळे मिटून गाल पुढे केला, लहान मुलाने पापा घ्यावा म्हणून करतात तसा.

तो शॉट भाचीने तिथल्या तिथे पुसून टाकला, मागे प्रतसुद्धा ठेवली नाही. डॉक्युमेंटरी आता संपते ती घड्याळजी कॅमेरावाल्याचं घड्याळ कानाशी धरून "चालू झालं बघा!" म्हणून बोळकं पसरून हसतो तिथे. लोक म्हणतात, शेवट जरा गोडच झाला. म्हणोत बापडे. अक्का अधूनमधून भाचीकडे येते, तिच्या शर्टांना इस्त्री करून देते आणि तिला भरपूर बोलूनही घेते. घर आता मोकळं वाटतं म्हणते.

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण परवाची गोष्ट आहे. कानसेन एका बंद पडलेल्या कारखान्यात शूटिंगला गेला होता. मंडळी चहाला बाहेर गेली, तेव्हा त्याने एकट्यानेच तिथली शांतता टिपली. सवयीने, समोर कुणी नसताना म्हणाला, "श्वाससुद्धा घेऊ नका रे." मग बाहेरून हाक आली, चहा गार होतोय म्हणून. त्याने यंत्र बंद केलं, सामान आवरलं आणि तो दाराशी पोचला.

गळ्यात लोंबणाऱ्या हेडफोनमधून, कोंडलेल्या छातीतून निघावा तसा, अगदी दबका, लाडिक आवाज आला.

"मामा... सोडू?"

हेडफोनची वायर कानसेनने नुकतीच गुंडाळून मुठीत धरली होती. तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.