उंबऱ्याबाहेरचे पाय

“ते पायतन बाहेरच ठेव, जीवराम! घरमा कानबाई बसेल शे आज!”

सासूबाईंचा, शेवंताबाईंचा आवाज ओसरीवर कडाडला आणि सुनंदा हातातल्या हळदकुंकवाच्या ताटलीसकट दाराशी आली... उंबऱ्यापलीकडे तिचा नवरा दोन्ही काखांत कुबड्या घेऊन उभा होता. उभा होता! पायांना मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी सळ्या, त्यांना आवळलेले चामडी पट्टे, गुडघ्यांना कड्या, आणि ते सगळं जोखड खाली जाड चामड्याच्या बुटांत पक्कं बसवलेलं. कॅलिपर म्हणत त्याला. त्या बुटांशिवाय कॅलिपर नाही आणि कॅलिपरशिवाय जीवराम म्हणजे... नको गं बाई ते आठवायला!

सत्त्याऐंशीच्या हंगामात पाचोऱ्याच्या रस्त्यावर कपाशीची भरलेली गाडी उलटली, ती त्याच्या कमरेवर. पायांतलं बळ गेलं ते गेलंच. जळगावच्या डॉक्टरांनी मापं घेऊन हे कॅलिपर बनवून दिलं, त्या दिवशी दवाखान्याच्या अंगणात स्वतःच्या उंचीवर उभा राहून तो धाय मोकलून रडला होता. आता तो खळ्यापर्यंत चालत जाई, उभ्यानं कुट्टी मशीनवर चारा कापी आणि गाव थांबून बघे. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, “घरातसुद्धा दिवसभर घालायचं. सोडून ठेवलंत तर गुडघे आखडतील, मग हेही बसणार नाही.”

घरात? चुलीजवळून, देवासमोरून चामड्याचं पायताण? शेवंताबाईंच्या घरात हे कसं चालावं! त्या दुष्ट नव्हत्या हो, घाबरलेल्या होत्या. ज्या श्रावणात शेताच्या घाईत कानबाई, घराण्याची देवी, बसवायची राहिली, त्याच हंगामात गाडी उलटली. बाई कोपली, हे त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. म्हणून रोज उंबऱ्याशी पट्टे सुटत आणि सुनंदा नवऱ्याला पाठुंगळी घेऊन आत नेई... खाटेपर्यंत, मोरीपर्यंत, ताटापर्यंत. त्याचे गुडघे आखडत चालले होते. हल्ली कडी लावताना तो दातओठ खाई.

आणि तिच्या पोटात एक गुपित होतं. सुनंदाला दिवस गेले होते! कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर जीवराम पुन्हा तिच्या पाठीवर बसला नसता. सगळ्यांसमोर जमिनीवरून सरपटत गेला असता. ते तिला बघवलं नसतं. म्हणून ती गप्प होती आणि रोज त्याला उचलत होती, रोज आतल्या आत जीव मुठीत धरून.

आज रोटांचा, कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांचा दिवस. चुलत सासरे भाईदास नाना गव्हाच्या सुपाशी बसले होते. घरातल्या प्रत्येक पुरुषानं आपल्या हातानं रोटाच्या गव्हाच्या मुठी सुपात टाकायच्या, हा भाऊबंदकीचा रिवाज.

“ये रे भो,” नानांनी हाक दिली, “तुन्ह्या मुठी बाकी शेतस.”

जीवरामनं कुबडीनं कॅलिपरच्या सळीवर टकटक केलं. “माय, आज मी घरमा यीसू ते याच पाय लिसन. नहीतर मन्ही मूठ राहू दे.”

जिवंत माणसाची मूठ राहायची? असा अपशकुन!

“ते साल इसरी गया का रे?” शेवंताबाईंनी कानबाईपुढे हात जोडले. “आते आखो बाईले कोपाडस का?”

सुनंदाला सहन होईना. तिनं ताटली ठेवली, त्याला ओसरीच्या कडेला बसवलं आणि वाकून पट्टे सोडले. “अहो, सणाच्या दिवशी वाद नको... चला.” आणि त्याच्यापुढे पाठ केली. त्याला तिच्या गळ्यात हात टाकावेच लागले. एक पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं आणि ओटीपोटात अशी कळ उठली, अशी कळ... पण तिनं त्याला पडू दिलं नाही. चौकट धरून ती हळूच खाली बसली, आणि तिचा दुसरा हात आपसूक पोटावर गेला.

तो हात शेवंताबाईंनी पाहिला. लेकरं पोटात वाढवलेल्या बाईला तो हात ओळखायला वेळ लागतो होय!

“पोरी... दिवस शेतस ना तुले?”

सुनंदानं मान खाली घातली.

“माले सांगं का बरं नही व माय?”

“सांगितलं असतं, आत्याबाई...” ती चौकट न सोडता म्हणाली, “तर ह्यांना आत कोणी आणलं असतं?”

जीवरामनं कपाळ जमिनीवर आपटलं. “आनि मी... मी रोज तुन्हा पाठवर बठत राहिनू!” शेवंताबाईंनी कानबाईकडे एकदा बघितलं. मग त्या उंबऱ्याबाहेर गेल्या आणि कॅलिपरपाशी बसल्या. नव्या लुगड्याच्या पदरानं त्यांनी बुटांच्या तळव्यांचा चिखल पुसला. आणि ते लोखंड, ते चामडं छातीशी धरून त्या आत आल्या!

“वहिनी!” नाना दचकले. “देवीसमोर पायतन?”

“भाईदास भाऊ, हाई पायतन नही. ह्या मन्हा आंडोरना, मन्हा जीवरामना हाडं शेतस. हाडं बाहेर ठेईसन मानूस घरमा येस का? बाई कोपनी ते मन्हावर कोपू दे!”

पट्टे त्यांनी स्वतः बांधले. हातांना सवय नव्हती, डोळे पाण्यानं भरलेले. “हळू, आत्याबाई... आधी मांडीचा पट्टा, मग कडी,” भिंतीला टेकलेली सुनंदा सांगत होती. कळ ओसरली होती, पण अंगात त्राण उरलं नव्हतं. डावा गुडघा काही केल्या पुरता सरळ होईना. जीवराम कण्हला, माऊलीनं त्याचा घोटा मांडीवर घेतला, हळूहळू दाबला, आणि कडी बसली.

तो उठला. आपल्या घरात, आपल्या पायांवर! शेवंताबाई मान वर करून बघतच राहिल्या. लेक आपल्यापेक्षा एवढा उंच आहे, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

बूट खडखडत कानबाईसमोरून गेले. जीवरामनं सुपात मुठी टाकल्या. नाना सूप उचलणार, तोच शेवंताबाईंनी आपली मूठ गव्हानं भरून त्यात सोडली.

“हाई कोनी मूठ, वहिनी?”

“येनार शे त्यानी.”

“आनि पोरगी व्हयनी ते? मूठ ते पुरुषनी राहस.”

“व्हवू दे,” शेवंताबाई म्हणाल्या आणि सुनंदाजवळ खाली बसल्या. “या घरना भार आतापावत कोन्ही उचला, ते मी पाहं ना आज!”

सुनंदानं सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं. पदराला चिखलाचा ओला वास येत होता. तिनं तो डोळ्यांशी धरला आणि मनसोक्त रडून घेतलं.