मांडीवरच्या मुली

या, अशा जवळ येऊन बसा. मागे कशाला? मागच्यांना ऐकू कमी येतं, आणि पुढच्यांना डुलकी लागली तर मला दिसतं. आज माझ्या मावशीची गोष्ट सांगणार आहे. प्रेमाची आहे. पण आधीच सांगते, हसत ऐकायला लागाल आणि उठताना डोळे पुसाल. काही मावशीने सांगितलेलं, काही आईने, आणि चवीपुरतं मीठ माझ्या पदरचं. देवासमोर एवढी कबुली पुरे.

माझी मावशी सिनेमाघरात बॅटरी दाखवायची. अंधारात तुम्ही चाचपडत आत आलात, की पायाशी उजेडाचा एक ठिपका पडायचा आणि एक आवाज म्हणायचा, “या, इकडून… सांभाळून, पायरी आहे.” तो आवाज तिचा. सगळे तिला बॅटरीबाई म्हणत. सात वर्षांत तिने एकही सिनेमा धड पाहिला नव्हता. तिची पाठ पडद्याकडे आणि तोंड लोकांकडे. ती म्हणायची, “मला सिनेमा लोकांच्या चेहऱ्यावर दिसतो. फिदीफिदी हसले की विनोद, रुमाल निघाला की आई मेली.”

तर एका शुक्रवारी तिथे नवा सिनेमा लागला. त्यातली नायिका साधी नर्स, पण अंगात अचाट बळ. माणसांनी भरलेला पूल कोसळायला लागतो, ही खाली जाते आणि तो खांद्यावर तोलून धरते. नायक नाहीच. म्हणजे आहे, पण तो पुलावर अडकलेला.

बाराचा खेळ सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. मावशीला शेवटच्या रांगेमागे एक माणूस उभा दिसला. बोट हवेत नाचवतोय, ओठ हलताहेत… मंत्र टाकावा तसा. तिने सरळ त्याच्या तोंडावर उजेड मारला.

“बसा.”

“अंहं…”

“बसा म्हणते ना! मागच्यांना दिसत नाही.”

“माझ्या मागे भिंत आहे,” तो कुजबुजला. “आणि त्रेचाळीस.”

“काय त्रेचाळीस?”

“त्रेचाळीसपर्यंत आलो होतो. तुम्ही उजेड मारलात… आता पुन्हा एकपासून.”

“मोजताय काय? बायका?”

“डोकी.” मग जरा थांबून, “बायकांची असली तरी डोकीच ती.”

मावशीला हसू आलं. अंधार होता म्हणून बरं.

तो सिनेमा वाटणाऱ्या कंपनीचा माणूस. सिनेमाबरोबर गावोगाव जायचं, प्रत्येक खेळाला अंधारात डोकी मोजायची, विकलेल्या तिकिटांशी ताडून बघायची आणि आकडा वरच्या साहेबांना कळवायचा. बुधवारपर्यंत खेळामागे सरासरी एकशेवीस डोकी भरली तर सिनेमा दुसरा आठवडा राहणार, तोही राहणार. नाही भरली तर गुरुवारी शेवटचा खेळ, आणि शुक्रवारी हा दुसऱ्या गावात, दुसऱ्या सिनेमामागे. अकरा वर्षं असंच चाललेलं. मावशीने त्याचं नाव मोजणीमास्तर ठेवलं.

“मास्तर, सवयच लागली असेल. जिने मोजता का?”

“खालून वर बावीस. वरून खाली एकवीस. एक पायरी मी चुकतो कुठेतरी.”

“माझ्या वेणीचे पेड किती?”

“तीन.”

“पाठ तर दिसत नाही माझी!”

“सगळ्यांचे तीनच असतात, बॅटरीबाई.”

“म्हणजे न मोजता सांगितलंत. खोटारडे!” ती म्हणाली. तो कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, “मोजू दिलेत… तर मोजेन.”

बघा हं. शनिवारी चहा एकत्र झाला. बाहेर रिपरिप पाऊस, दारात ओल्या छत्र्यांची गर्दी, आणि ही दोघं तिकिटाच्या खिडकीशेजारी दोन पेले धरून उभी. चहा केव्हाच संपलेला. रिकामे पेले दोघंही खाली ठेवेनात.

आकडा मात्र भरेना. ऐंशी. ब्याण्णव. मॅनेजर खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, “अहो, बाईचा सिनेमा! बाई रडली तर पब्लिक रडतं. बाईने पूल उचलला तर पब्लिक घरी जातं.” त्यांनी या सिनेमाला दुपारचा बाराचाच खेळ दिला होता, तोही पावसात. सहा आणि नऊ दोन्ही एका मिशीवाल्या हिरोकडे, ज्याच्या सिनेमाला तिसऱ्या आठवड्यात खुर्च्याच खुर्च्यांकडे बघत बसल्या होत्या.

मास्तरच्या छापील कागदावर शेवटचा रकाना होता ‘कारण’. सिनेमा पडला तर तिथे कारण लिहायचं. मावशीने विचारलं, “हिरोचा पडला की काय लिहिता?”

“पाऊस. परीक्षा. गोष्ट कच्ची. एकदा तर ‘उकाडा’ लिहिलं होतं.”

“आणि हिरॉइनचा पडला की?”

त्याने कागदाची घडी घातली.

“‘पुरुषाचा सिनेमा, म्हणून पडला’… असं कधी लिहिलंत, मास्तर?”

“नाही,” तो हळूच म्हणाला. “खरंच नाही.”

रविवारी आई मला घेऊन गेली. मी चार वर्षांची. पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही, खुर्चीही नाही, आईच्या मांडीवर बसायचं. मला आठवतं ते एवढंच, की आईचं पोट गरम होतं आणि समोर एक मोठ्ठी बाई होती.

मावशी मास्तरला म्हणाली, “आज मी सांगते तेव्हा मोजा. डोकी नाही, कोपरं.”

“कोपरं?”

“थांबा तर.”

पूल करकरायला लागला. ती नर्स खाली धावली, थांबली आणि दोन्ही हात वर नेऊन तिने मोकळे केस घट्ट बांधले. प्रत्येक मोठ्या कामाआधी ती तसं करायची. आणि त्या क्षणी साऱ्या थिएटरात, आयांच्या खांद्यांच्या दोन्ही बाजूंनी, इवली इवली कोपरं वर आली. मांडीवरच्या मुली! सगळ्या मुली आपापले केस बांधत होत्या. कुणाचे बांधण्याएवढे नव्हतेच, तरी बांधत होत्या. पडद्याचा उजेड त्या कोपरांवर पडला होता. त्यातली दोन कोपरं माझी.

मास्तर मोजायचाच विसरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

“तीन दिवस मी हे बघतेय,” मावशी म्हणाली. “तुम्हाला डोकी दिसतात, कारण तुम्ही मागून बघता. मी पुढून बघते.”

मग त्याने मोजलं. डोकी एकशेचार. मांडीवर त्रेसष्ट.

देवाच्या दारात कुणी असं विचारतं का, की बाळ कडेवर आहे, हे धरायचं का सोडायचं? तिथे कडेवरचं आधी धरतात. पण हा माणसांचा कागद. त्यावर मांडीचा रकाना नव्हता.

“आकडा वाढवा असं नाही म्हणत मी,” मावशी म्हणाली. “खोटं नको. पण ‘कारण’च्या रकान्यात शब्द मावतात ना? एवढंच लिहा, ‘मांडीवरच्या मुली मोजल्या नाहीत.’ साहेबांनाही हेच सांगा. मग काढू देत सिनेमा.”

“सांगतो,” तो म्हणाला. “शब्द देतो.” आणि तिच्या हातातली बॅटरी घेऊन त्याने उगीचच आपल्या रुमालाने काच पुसली… आणि बॅटरी परत देताना त्याची बोटं जराशी जास्त वेळ राहिली.

मंगळवारी मावशी आईला म्हणाली, “ताई, तो राहिला तर घरी बोलवू?” आई म्हणाली, “अगं, आधी सिनेमा राहू दे!” दोघी हसल्या. आई मला पुढे कितीदा तरी सांगायची, तेव्हाचं तिचं हसणं शेवटचं मोकळं हसणं गं.

बुधवारी दुपारी मावशी बॅटरीसाठी नवे सेल मागायला मॅनेजरच्या खोलीकडे गेली. दार अर्धं उघडं. मास्तर फोनवर होता, मॅनेजर समोर सिगरेट पेटवत बसलेले. सरासरी आकडा सत्त्याण्णव. पलीकडून साहेबांनी विचारलं असणार, कारण काय?

मास्तर थबकला. त्याने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनी डोळा मिचकावला.

“कारण… आता काय सांगायचं, साहेब,” मास्तर हसला. “बाईचा सिनेमा. दुसरं काय.”

दारात मावशीच्या हातातले दोन संपलेले सेल खाली पडले. घरंगळत गेले आणि त्याच्या बुटापाशी थांबले. त्याने वळून पाहिलं तेव्हा दारात कुणी नव्हतं.

गुरुवारी बाराच्या खेळाआधी तो छत्र्यांपाशी तिची वाट बघत उभा होता. रात्रभर झोपला नसावा.

“तोंडातून निघून गेलं,” तो म्हणाला. “अकरा वर्षांची सवय… जीभ आपोआप वळली. मनात नव्हतं.”

“असेल.”

“माझ्यामुळे सिनेमा गेला?”

“तो आकड्यामुळे गेला. तुम्ही खरं सांगितलं असतं तरी गेला असता, मला माहीत आहे.” मावशी शांत होती. “पण एकदा तरी कुणीतरी खरं कारण सांगितलं असतं. तुम्ही सांगाल असं मला वाटलं होतं.”

पावसाचं पाणी पन्हाळीतून पडत होतं. त्याने एका ओल्या छत्रीची मूठ सरळ केली. मग म्हणाला, “मी आज तुमच्या ताईंना भेटायला येणार होतो. तुम्हाला… मागायला.”

किती वाट बघितली होती तिने या वाक्याची! सहा दिवस म्हणजे काही थोडे नव्हेत हो, जीव जडलेल्याला सहा दिवस पुष्कळ. ती हो म्हणाली असती. पण तिने एक प्रश्न विचारला.

“उद्या चार माणसांत कुणी विचारलं, तुमची बायको काय करते, तर तुमच्या तोंडातून काय निघेल, मास्तर? सवयीने?”

त्याने तोंड उघडलं… आणि मिटलं.

दोघांनाही ऐकू आलं ते. ‘थिएटरात बॅटरी दाखवते. दुसरं काय.’

तो खोटं बोलू शकला असता. बोलला नाही. मावशी मला म्हणाली होती, “त्या न बोलण्यानेच माझा जीव त्याच्यात जास्त अडकला बघ.”

“उत्तर सापडलं की या,” ती म्हणाली आणि बॅटरी घेऊन आत गेली.

शेवटच्या खेळाला तो मागे भिंतीशी उभा होता. पूल करकरला, नर्सने हात वर नेले. कोपरं वर आली. मावशीने त्या दिवशी पहिल्यांदा लोकांकडे पाठ केली आणि पडद्याकडे पाहिलं. मग बॅटरी काखेत धरली आणि दोन्ही हातांनी आपली वेणी गुंडाळून घट्ट बांधली. मागून त्याने ते पाहिलं असेल. खेळ सुटला तेव्हा तो गेलेला होता. तिच्या स्टुलावर त्याचा त्या दिवशीचा कागद होता. डोकी अठ्ठ्याऐंशी. समासात हाताने एक नवा रकाना आखलेला, ‘मांडीवर’, त्यात एकसष्ट. आणि ‘कारण’च्या रकान्यात दोनच शब्द, ‘मोजणारा चुकला.’

पुढे पोस्टकार्डं यायला लागली. ना नमस्कार, ना सही. कुठल्याही गावात नायिकेचा असा सिनेमा लागला की एक कार्ड. ‘मांडीवर बेचाळीस.’ ‘मांडीवर सत्तर.’ एकदा नुसतं, ‘आज एक मुलगा होता. त्यानेही बांधले.’ मावशी त्या दिवशी दुपारभर हसत होती.

चार वर्षं कार्डं आली. मग थांबली. का, ते मला विचारू नका. त्या रकान्यात लिहायला कुणाकडेच काही नाही.

मावशी गेल्या वर्षी गेली. तिच्या सेलच्या डब्यात ती सगळी कार्डं निघाली, आणि सर्वांत खाली एक तिच्या अक्षरातलं, कधीच न टाकलेलं. त्यावर लिहिलं होतं, ‘उत्तर राहू दे. तुम्ही या.’ पत्त्याची जागा रिकामी. दर शुक्रवारी ज्याचं गाव बदलतं त्याला कार्ड धाडायचं कुठे? कंपनीच्या पत्त्यावर टाकलं असतं, तर टेबलाटेबलावरून वाचत वाचत गेलं असतं. तेवढं तिला सोसलं नसतं. सगळ्यांना वाट दाखवणारी ती, पण या एका कार्डाची वाट तिला सापडली नाही.

तेव्हाच्या त्या सिनेमाचं नाव आज कुणाला आठवत नाही. पण मी विशीत आले तेव्हा असाच एक सिनेमा आला, नायिकेचा, अचाट बळाचा, आणि त्याला सहाचाही खेळ मिळाला आणि नऊचाही. हाउसफुल्ल. पेपरात मोठमोठ्या लोकांनी आश्चर्य व्यक्त केलं, की अचानक एवढा प्रेक्षक आला कुठून? बायकांचे सिनेमे तर चालत नाहीत! मी रांगेत उभी होते, स्वतःच्या तिकिटासाठी. माझ्या पुढे-मागे माझ्याच वयाच्या मुली. अचानक कुठला हो? मांडीवरून उतरून आला.

आत गेल्यावर पायाशी उजेडाचा ठिपका पडला. “या, इकडून… सांभाळून, पायरी आहे.” मावशीचे केस पांढरे झाले होते. उजेड खाली धरून तिने मला खुर्ची दाखवली आणि कानात विचारलं, “आज मोजतंय का गं कुणी?”

मी मागे वळून पाहिलं. भिंतीशी कुणी नव्हतं.

“मोजतायत, मावशी,” मी म्हणाले. आयुष्यात तिच्याशी एवढं एकच खोटं बोलले. देव मला क्षमा करो.

झाली गोष्ट. उठा आता, घरी वाट बघत असतील. फक्त एक मागणं आहे. कधी अंधाऱ्या थिएटरात तुमच्या पायाशी उजेड पडला, तर खुर्चीवर बसण्याआधी क्षणभर वर बघा, त्या हातामागच्या चेहऱ्याकडे. आणि माझ्या मावशीची आठवण काढा.